निरंक

निकालानंतर तीस दिवस.
आज सव्विसावा. इथे शुक्रवार,
सोहारच्या बंदरावर क्रेनसुद्धा मान खाली घालून उभ्या,
आणि माझ्या मोबाइलवर रेहाना भाबीच्या पावत्या
एकेक करून उतरतायत,
हळदीच्या बोटांच्या, चौघडी घातलेल्या,
एक तर बोंबील बांधलेल्या कागदावर.

दिवसभर मी दोरखंड, रंग, नांगरांचे हिशेब लिहिते
जहाजदुरुस्तीच्या एका दुकानासाठी,
रियाल, आणि पुढे बैसे, तीन दशांशांपर्यंत.
रात्री रुपयांवर येते.
दोनच दशांश. हाताला सैल लागतं.

चहा चारशे दहा कप, ती सांगते.
दरपत्रकात चहा आठ रुपये,
अन्वरने सहाला दिलेला.
"मग सहाच लिहू या?"
नको. सरकारी चहा आठाचाच असतो.
वरचे दोन रुपये आपण न प्यायलेले.

खुर्च्या दीडशे. नव्वद रिकाम्या राहिल्या,
भाडं सगळ्यांचं.
रिक्षा एक, रिक्षावर भोंगा एक,
भोंग्यात माझ्या भावाचा बसलेला घसा,
त्याची पावती नाही.
बॅनर पाच; त्यातला एक वाऱ्याने नेला,
तो पुढे जेट्टीवर सापडला
दळव्यांच्या होडीत ताडपत्री म्हणून,
भाबीचा हसरा चेहरा उलटा, सुरमईवर.
हे शेऱ्यात घालायचं का?

पडली ती दोनशे सतरा मतांनी.
अनामत तेवढी वाचली.

"जाऊ दे ना, हरलेलीचा हिशेब कोण मागतंय!"
मागतात, भाबी.
हरलेलीचा जरा जास्तच नीट मागतात.
आधी नोटीस येईल,
नोटिशीला उत्तर गेलं नाही तर अपात्र, पाच वर्षं,
म्हणजे नेमकी पुढची निवडणूक.
"कोण उभं राहतंय पुन्हा,"
ती म्हणते,
पण फोन ठेवत नाही.

मला मुदतीची भाषा कळते.
एकदा कंपनीच्या विसरभोळेपणाने
माझा व्हिसा संपून अकरा दिवस झाले होते.
काचेमागचा माणूस फार सभ्य,
दिवसाला इतके, गुणिले अकरा,
आणि माझा गुन्हा एवढाच
की त्या अकराही सकाळी मी उठले होते,
डबा भरून कामावर गेले होते.

जिंकलेल्या सुर्व्यांचा तक्ता कचेरीच्या फळ्यावर लागलाय.
भाबीने फोटो पाठवला:
वाहन, मोटारसायकल एक.
जेवणावळी, निरंक.
भेटवस्तू, निरंक.
मोहल्ल्यात, वाडीत, देवळामागच्या आळीत
सकाळी एकदम ज्या नव्या कुकरच्या शिट्ट्या होतात
त्या निरंक.
अक्षर मात्र बघावं असं. मोती नुसते.

"आपण बावळट," भाबी म्हणाली.
मी काही बोलले नाही.
चहाच्या बेरजेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

देणगीच्या रकान्यात माझे एकशे वीस रियाल,
त्या दिवशीच्या भावाने रुपयांत.
देणाऱ्याचं नाव, पत्ता.
पत्ता कुठला घालू?
इथला टपालपेटीचा नंबर,
की मतदार यादीतला, घर क्रमांक चौदा,
जिथे मी अजून राहते म्हणे
आणि जिथून मतदानाच्या दिवशी
कुणी माझ्या नावावर रेघ मारली नाही?
त्या दिवशी मी साखळ्यांची बिलं काढत होते.
तेही एक निरंक.
त्याला मात्र दंड नाही.

मंगळवारी, तिसाव्या दिवशी,
साहेब जेवायला गेले होते ते साडेचारला आले.
ती पायरीवर बसून होती, फाइल मांडीवर,
पदराखाली, कागद उडू नयेत म्हणून.
चार चाळीसला पोच मिळाली.
शिक्का तिरका, तारीख पुसट, पण आहे.

पोचेचा फोटो आला तेव्हा
मी गोदामात दोरखंड मोजत होते.
पाठोपाठ दुसरा मेसेज:

"पुढच्या वेळी खुर्च्या साठच सांगू या."